परसदार : कोंबडीला थंडी बाधत नाही, ओल बाधते

फराळाचे डबे भरून झाले, दारात आकाशकंदील लागला, की गृहिणीला वाटते, चला, पावसाळ्याची कटकट संपली. छत्र्या पुसून माळ्यावर जातात, गाद्या-रजया उन्हे खातात आणि त्याच झपाट्यात परसातल्या खुराड्यावरची ताडपत्रीही सोडून तिची घडी घातली जाते. या सदराच्या वाचकांना आज माझी एकच विनंती आहे. ती ताडपत्री एवढ्यात माळ्यावर टाकू नका.

हिवाळ्यात पाऊस कसला, असे आपण म्हणतो खरे. पण २००९ साली दिवाळी होऊन तीन आठवडे उलटल्यावर, ११ नोव्हेंबरला, 'फयान' वादळ अलिबाग-मुंबईच्या दरम्यान किनाऱ्याला धडकले. २०२१ साली डिसेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत अवकाळी पावसाने असा गारठा आणला की पुणे आणि नगर जिल्ह्यांत शेकडो मेंढ्या दगावल्या. आषाढातल्या पावसाची आपण वाट पाहत असतो. मार्गशीर्षातला पाऊस आपल्याला बेसावध गाठतो.

त्या डिसेंबरात आमच्या पुण्याच्या घरामागे नऊ कोंबड्या आणि महिन्याभराची अकरा पिल्ले होती. धाकटीने अकराही पिल्लांची बारशी केलेली. पाऊस सुरू झाला तो खुराड्याच्या उघड्या बाजूने सरळ आत. कोंबड्या भिजून एका कोपऱ्यात गोळा झालेल्या पाहून माझा जीव कळवळला. मी चारी बाजूंनी प्लास्टिक ठोकले, आत दिवा लावला आणि 'आता कशी ऊब आली!' म्हणून समाधानाने झोपले.

पाऊस दोन दिवसांत थांबला. प्लास्टिक मात्र मी आठवडाभर काढले नाही. गारठा होता ना! मग एका सकाळी दार उघडले, तर आतल्या उग्र दर्पाने डोळे चुरचुरले. पिल्ले पिसे फुगवून, मान खाली घालून बसली होती आणि विष्ठेत रक्त होते. जनावरांच्या डॉक्टरांनी पाहताक्षणी सांगितले, "रक्ती हगवण. बाई, हे पावसाने नाही झाले. तुम्ही त्यांना कोंडलेत, त्याने झाले." पाण्यातून औषध दिले, पाच पिल्ले वाचली, सहा गेली. धाकटीला काय सांगावे, ते मला सुचेना. पावसाने आमचे एकही पिल्लू मारले नव्हते. मारले ते माझ्या मायेने.

यात शास्त्र साधे आहे. कोंबडीच्या अंगाची उष्णता सुमारे ४१ अंश सेल्सिअस असते आणि पिसांत कोंडलेली हवा तिला रजईसारखी असते. कोरड्या पिसांनिशी ती आपल्याकडची थंडी सहज काढते. पिसे भिजली की रजईच गेली. रक्ती हगवणीचे जंतू विष्ठेतून बाहेर पडतात, तेव्हा लगेच अपाय करीत नाहीत. ओल आणि ऊब मिळाली की एक-दोन दिवसांत रोग देण्याजोगे तयार होतात. दिवा लावून आणि वारा बंद करून मी त्यांची उत्तम सोय केली होती! डोळ्यांना झोंबणारा तो वास अमोनियाचा. ओली विष्ठा कुजली की तो सुटतो आणि पक्ष्यांच्या डोळ्यांना व श्वासनलिकेला इजा करतो.

तेव्हा खुराड्यात ऊब कशी येईल, हे पाहू नये. ओल बाहेर कशी जाईल, हे पाहावे.

ही पाहणी करायला दिवाळीसारखा मुहूर्त नाही. पावसाळ्याने आपल्या खुणा अजून पुसलेल्या नसतात. शेवाळ कुठवर चढले आहे, कोणती फळी मऊ पडली आहे, जाळीच्या आवारात पाणी कुठे साचत होते, हे सारे आज डोळ्यांना दिसते. संक्रांतीला दिसणार नाही, आणि तहान लागल्यावर विहीर खणण्यात अर्थ नाही.

प्रथम छपर. पागोळ्या भिंतीपासून दूर पडाव्यात, म्हणून पत्रा दोन-तीन फूट बाहेर काढावा. पागोळ्यांच्या रेषेत वीतभर खोल चर खणून तिला गटाराकडे उतार द्यावा. खुराड्याची जमीन बाहेरच्यापेक्षा फूटभर उंच हवी. आवारात चिखल होत असेल तर वरची माती काढून मुरूम आणि वर जाडी वाळू घालावी.

ताडपत्री खालून वर न बांधता पडद्यासारखी वरून सोडावी. पाऊस येईल त्या बाजूला खाली, उघडीप झाली की लगेच वर. वरच्या अंगाला, छपराखाली, वीतभर फट बाराही महिने उघडी राहू द्यावी. वारा कोंबड्यांच्या डोक्यावरून जावा; अंगावर येऊ नये. फटीला बारीक जाळी लावायला विसरू नका, नाहीतर मांजराला आमंत्रण!

आत भाताच्या तुसाची तीन-चार इंच गादी पसरावी आणि दर दोन-तीन दिवसांनी उकरून उलथीपालथी करावी. पाण्याचे भांडे विटांवर ठेवावे. निम्मी ओल तिथूनच सांडते. एका कोपऱ्यात पाटीभर कोरडी माती आणि राख ठेवावी. कोंबडी त्यात लोळून अंगावरच्या उवा झाडते.

खाद्याचा डबाही ओलीपासून जपावा. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले. त्यांच्या खाद्यातल्या भुईमुगाच्या पेंडीवर बुरशी आली होती आणि त्या बुरशीच्या विषाने, अफ्लाटॉक्सिनने, हा घात केला. म्हणून मका किंवा पेंड बुरसलेली दिसली तर 'कोंबड्यांनाच तर घालायची आहे' असे न म्हणता फेकून द्यावी.

आणखी दोन गोष्टी. थंडीत अंडी कमी झाली म्हणून घाबरू नये. दिवस लहान झाला की कोंबडी अंडी कमी देते, त्यात तिचा दोष नाही. मात्र पक्षी पटापट मरू लागले तर घरगुती उपाय करीत न बसता ताबडतोब सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवावे. आपल्या देशात पक्ष्यांचा फ्लू पहिल्यांदा आढळला तो २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापुरात, आणि तोही फेब्रुवारीत.

शेवटी डॉक्टरांनी धाकटीला शिकवलेली परीक्षा सांगते. गादीतला मूठभर तूस हातात घट्ट दाबायचा आणि मूठ उघडायची. तूस मोकळा होऊन पडला तर सारे ठीक. लाडवासारखा गोळा राहिला तर तेवढा भाग काढून नवा तूस घालायचा. आमच्याकडे लाडू वळले जातात ते फक्त स्वयंपाकघरात. खुराड्यात लाडू वळला गेला की धाकटी मला अजूनही हाक मारते, "आई, लवकर ये!" आणि मी हातातले काम टाकून जाते.