मुंबईत स्वस्त जेवण कुणासाठी?

‘मुंबईत स्वस्तात कुठे खाल?’ अशा याद्या दर आठवड्याला मोबाईलवर येऊन आदळतात. माटुंग्याची उडुपी हॉटेलं, इराण्याचा बन-मस्का, रमजानमधला मोहम्मद अली रोड. फोटो छान, वर्णन रसाळ. पण यातला ‘स्वस्त’ हा शब्द कुणाच्या खिशाला विचारून लिहिलेला असतो? दोघांचं बिल आठशे रुपये झालं तरी ज्याला ते स्वस्त वाटतं, त्याच्या. वडाळ्याच्या ट्रक टर्मिनलवर गोणी उतरवणारा हमाल या यादीच्या हिशेबातच नाही.

मी वडाळ्यात राहतो. माझ्या भागात डाळ, भात, भाजी, चपातीची साधी थाळी आता शंभर-सव्वाशेच्या खाली क्वचित मिळते. सहाशे-सातशे रुपये रोजंदारीवर काम करणाऱ्या माणसाने दोन वेळच्या थाळ्या, सकाळचा नाश्ता आणि तीन-चार कटिंग घेतले तर तीनशे रुपये गेले. निम्मी मजुरी पोटातच संपली, तर खोलीचं भाडं कुठून द्यायचं आणि गावी काय पाठवायचं? मग तो दोन वडापाव खातो आणि वर पाणी पितो. वडापाव ही मुंबईची ओळख म्हणून आपण मिरवतो. मला तो या शहराचा कबुलीजबाब वाटतो. राबणाऱ्याला दुपारी बसायला जागा दिली नाही, जेवायला वेळ दिला नाही आणि परवडेल असं ताटही दिलं नाही, याचा कबुलीजबाब.

हे पूर्वीपासून असंच होतं असं नाही. गिरणगावात कोकणातून, घाटावरून आलेला कामगार एका खोलीत दहा-पंधरा जणांबरोबर राहायचा. बायको गावाला, खोलीत चूल नाही. त्याला जगवलं ते खाणावळवाल्या बायकांनी. जेवण रोजचं, पैसे पगाराच्या दिवशी. या बायका स्वतः सावकाराच्या व्याजात बुडालेल्या असायच्या. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अशा चौदा जणींना घेऊन अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं आणि त्यांच्यासाठी बँकेच्या कर्जाची वाट मोकळी केली. माटुंग्याचं १९४२चं रामा नायक यांचं उडुपी घ्या. दक्षिणेतून आलेल्या एकट्या नोकरदारांना घरच्यासारखं जेवण मिळावं, हीच त्याची सुरुवात. आज याद्यांमध्ये ज्याला ‘वारसा’ म्हणतात, ती मुळात परक्या शहरात आलेल्या माणसाच्या भुकेची सोय होती.

१८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला. पुढे गिरण्या गेल्या आणि त्यांच्या आधारावर चालणाऱ्या बहुतेक खाणावळीही गेल्या. जमिनीवर टॉवर उभे राहिले. टॉवरला वॉचमन लागतो, सफाईवाला लागतो, दिवसातून दहा वेळा डिलिव्हरीवाला लागतो. पण हे लोक कुठे जेवणार, हा प्रश्न कुठल्याच नकाशावर नाही.

सरकारला हा प्रश्न फक्त निवडणुकीच्या आसपास आठवतो. १९९५ साली युती सरकारने एक रुपयात झुणका-भाकर आणली. मोक्याच्या जागी स्टॉल उभे राहिले. काही वर्षांत झुणका-भाकर गायब झाली आणि अनेक स्टॉलवर सँडविच, कोल्ड्रिंक विकलं जाऊ लागलं. २६ जानेवारी २०२०ला शिवभोजन थाळी आली. दहा रुपयांत दोन चपात्या, भाजी, वरण आणि भात. लॉकडाऊनमध्ये तीच थाळी पाच रुपयांना मिळाली आणि तिने कित्येकांना तगवलं. हे श्रेय नाकारण्याचं कारण नाही. पण योजनेची मूळ वेळ होती दुपारी बारा ते दोन. ट्रक ड्रायव्हर चार वाजता जेवतो, रात्रपाळीचा वॉचमन रात्री जेवतो. सरकार बदललं तशी योजनेवरची माया आटली आणि केंद्रचालकांची बिलं थकल्याच्या बातम्या येऊ लागल्या.

चेन्नईत २०१३ साली महापालिकेने अम्मा उणवगम सुरू केली. इडली एक रुपया, सांबार-भात पाच रुपये. नाव एका पक्षाच्या नेत्याचं होतं, तरी २०२१ला सत्ता बदलल्यावर विरोधी पक्षाने ती बंद केली नाही. त्या शहरात स्वस्त जेवण ही नळाच्या पाण्यासारखी पालिकेची जबाबदारी ठरली. देशातली सर्वात श्रीमंत महापालिका आपली. मग आपल्याला काय अडचण आहे?

सरकार स्वतः खाऊ घालत नाही, आणि जो घालतो त्याची गाडी उचलून नेतं. पथविक्रेत्यांसाठी २०१४चा केंद्रीय कायदा आहे. सर्वेक्षण पूर्ण होऊन प्रमाणपत्रं मिळेपर्यंत कुणालाही हटवू नये, असं त्यात लिहिलेलं आहे. तरीही पालिकेची गाडी दिसली की भजीवाला पेटता स्टोव्ह हातात घेऊन पळतो. फुटपाथ अडतो, अस्वच्छता होते, हा आक्षेप खोटा नाही. पण अस्वच्छतेवरचा इलाज नळ, कचऱ्याचा डबा आणि ठरवून दिलेली जागा हा आहे. हातगाडी जप्त केल्याने कुणाचंही पाणी स्वच्छ होत नाही. फक्त चाळीस रुपयांत पोट भरणारा माणूस उपाशी राहतो.

आमच्या वस्त्यांचं दुखणं आणखी एक. तिथे स्वस्त जेवण म्हणजे ‘बडे’चं जेवण होतं. निहारी, पाया, खिमा-पाव. कमी पैशांत पोटभर, तेही प्रथिनांसकट. गाईच्या कत्तलीवर आधीच बंदी होती. मार्च २०१५मध्ये बैल आणि वळूही त्या बंदीत आले. म्हशीचं मांस आजही कायदेशीर आहे, पण वाटेत गाडी अडवली जाण्याच्या धास्तीचीही किंमत असते आणि ती ताटात वसूल होते. माझ्या ओळखीच्या छोट्या हॉटेलांनी एकतर भाव वाढवले किंवा चिकनवर आली. तिथे फक्त मुसलमान जेवत नव्हते. शेजारच्या वस्तीतले दलित, बिहारी मजूर, केरळचे ख्रिस्ती असे सगळे एकाच बाकावर बसायचे. बंदीच्या चर्चेत धर्म पुष्कळ आला, भुकेचा हिशेब कुणी मांडला नाही. २०२४ साली कावड यात्रेच्या वाटेवर हॉटेलवाल्यांना नावाची पाटी लावायला सांगितलं गेलं. सर्वोच्च न्यायालयाने २२ जुलैला त्याला स्थगिती दिली. ज्याच्या खिशात पन्नास रुपये आहेत, तो पाटीवर आधी भाव वाचतो.

आता थोडं आपल्या लोकांशी. खाऊ घालण्यात आपला हात सैल आहे. दर्ग्यावर नियाज वाटली जाते, रमजानमध्ये इफ्तारची दस्तरखानं लागतात, वलीम्यावर लाखो रुपये उडतात. पण नियाज रोज नसते, आणि रांगेत हात पसरून घेतलेलं जेवण वेगळं, पैसे मोजून मान ताठ ठेवून खाल्लेलं वेगळं. जमातींनी वलीम्याचा खर्च निम्म्यावर आणावा आणि उरलेल्या पैशांतून वस्तीत तीस रुपयांची खाणावळ चालवावी. वर्षभर, सगळ्यांसाठी खुली, वस्तीतल्याच बायकांच्या हातात. अन्नपूर्णाच्या चौदा जणींनी वाट दाखवून पन्नास वर्षं झाली.

कुलाब्यापासून वडाळ्यापर्यंत पसरलेल्या पोर्टच्या जमिनींच्या विकासाचे बेत सुरू आहेत. त्यात उद्यानं असतील, फिरायला किनारा असेल, कॅफेही असतील. याच जमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या माल वाहणाऱ्यांसाठी प्रत्येक टप्प्यात एक पालिका भोजनालय राखून ठेवा. पहाटेपासून रात्री उशिरापर्यंत उघडं, भाव भिंतीवर लिहिलेला, बसायला बाक, प्यायला पाणी. कुणाचा फोटो नको, कुणाचं नाव नको. मतं मागायला नगरसेवक दारात येतील तेव्हा वडाळेकरांनी त्यांना आधी एवढंच विचारावं: आमचा हमाल दुपारी कुठे जेवणार?