चवीला रकाना नाही

नोंदवहीबाहेर / सीमावासी

‘आपल्या बिदरीला पेटंट आहे, आता जगात कुणाची हात लावायची टाप नाही!’ बिदरमधल्या एका कार्यक्रमात या आठवड्यात हे वाक्य माइकवरून आलं आणि टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत दोन प्राध्यापक होते, एक वकीलसाहेब होते. म्हणजे माझं आजवरचं सगळं लिहिणं पालथ्या घड्यावर पाणी. नेहमीच्या वाचकांनी पुढची चार वाक्यं सोडून दिली तरी चालेल. बिदरीला, म्हणजे चांदी जडवलेल्या आपल्या काळ्या भांड्यांना, आहे तो जीआय, भौगोलिक मानांकन. गुलबर्गा तूरडाळीला २०१९ साली मिळालं तेच. त्याने नाव राखलं जातं, कृती नाही. उद्या हजार मैलांवर कुणी जस्ताच्या सुरईत चांदीची तार ठोकली, सुरई काळी केली आणि भलत्याच नावाने विकली, तर बिदरचा कागद त्याच्या केसालाही धक्का लावू शकत नाही.

झालं. आता काचेकडे.

रंगीत काचेच्या पेटंट अर्जांवर मी लिहिलं की भालकी-औरादकडून हमखास पत्र येतं: मोटारीच्या काचेचं आपल्याला काय? आज ते सांगूनच टाकतो, कारण सभागृहातल्या त्या टाळ्यांचं उत्तर मला काचेतच दिसतं.

घरातल्या टेबलावरची काच कडेने पाहा. वरून स्वच्छ, कडेला हिरवी. तो हिरवेपणा वाळूतून आलेल्या लोहाचा, आणि ते लोह शंभरात ०.१ भागाच्या आसपास. काचेचा जवळजवळ सगळा ऐवज जगभर तोच: वाळू, सोडा, चुनखडी, थोडा डोलोमाइट. पेटंटची सगळी मारामारी उरलेल्या टक्का-दीड टक्क्यावर चालते. लोह वाढवलं की उन्हाची धग अडते. कोबाल्ट दहा लाखांत काही भाग पडला तरी काच निळसर होते. सेलेनियम तांबूस छटा देतं, क्रोमियम हिरवी. त्यात लोहाची दोन रूपं. एक उष्णता शोषतं आणि निळसर दिसतं, दुसरं अतिनील किरण अडवतं आणि पिवळट दिसतं. भट्टीतली हवा कमीजास्त झाली की एकाचं दुसरं होतं, म्हणून नुसतं ‘लोह इतकं’ लिहून भागत नाही. त्यातलं कोणतं किती, हे गुणोत्तर द्यावं लागतं. सेलेनियम त्याहून चंचल. भट्टीत टाकलेल्यातलं बहुतेक धुराड्यातून उडून जातं, काचेत उरतं ते थोडंसं. पूर्वी राखाडी रंगासाठी निकेल वापरत. पण निकेल सल्फाइडचा एखादा खडा काचेत राहिला, तर टणक केलेली काच बसवल्यावरही अचानक फुटते. म्हणून ‘निकेलशिवाय राखाडी’ हा अर्जदारांचा आवडता विषय झाला.

आता अर्ज कसा येतो पाहा. लोह इथपासून तिथपर्यंत, कोबाल्ट शून्यापासून अमुक, सेलेनियम शून्यापासून तमुक. पाककृतीत ‘मीठ चिमूटभर ते पाव किलो’ असं लिहावं, तसा हा ऐसपैस कारभार. जेवढं कुंपण मोठं तेवढी पुढच्या २० वर्षांची मालकी मोठी. पेटंट तपासनीसाचं काम ते कुंपण आत सरकवणं. तो विचारतो: हीच टक्केवारी आधीच्या चार कागदांत अंशतः येऊन गेली आहे, मग तुमचं नवं काय? आपल्या १९७० च्या पेटंट कायद्यातलं कलम ३(ई) काढतो: नुसती मिसळ आणि प्रत्येक घटकाचे जुनेच गुण एकत्र, तर तो शोध नव्हे. या आकड्यांच्या आत असं काय घडतं जे बाहेर घडत नाही, याचे प्रयोग दाखवा म्हणतो. मग अर्जदार तक्ता जोडतो. नमुना पहिला, दुसरा, तिसरा. जाडी किती मिलिमीटर. किती टक्के उजेड पार होतो. उन्हाची किती उष्णता पार होते. आणि एक नमुना मुद्दाम कुंपणाबाहेरचा, नापास झालेला. माझ्या मते अख्ख्या अर्जातलं सगळ्यात प्रामाणिक पान ते.

या तक्त्यांत ७० टक्के उजेडाचा आकडा वारंवार का भेटतो, हेही सांगतो. मोटारीच्या पुढच्या-मागच्या काचेतून निदान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के उजेड पार झाला पाहिजे, असं आपला मोटार वाहन नियम क्रमांक १०० सांगतो. इतर देशांतही पुढच्या काचेचे आकडे याच आसपास. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने अविषेक गोयंका प्रकरणात हाच नियम पुढे ठेवून काचांवर चिकटवलेल्या काळ्या फिल्म उतरवायला लावल्या. रंग मूळ काचेतच हवा आणि तोही मापात, असा त्याचा तेव्हा अर्थ होता. म्हणजे रस्त्यावरचा नियम भट्टीतलं लोह ठरवतो आणि भट्टीतलं लोह पेटंटचा दावा ठरवतं. हुमनाबाद-कलबुर्गी रस्त्यावरून सुसाट जाणाऱ्या पांढऱ्या गाड्यांना मात्र हा ७० चा आकडा कुणी अजून सांगितलेला दिसत नाही. त्यांच्यातून उजेड जातो की नाही ते आत बसलेल्या साहेबांनाच ठाऊक. असो.

काचेच्या या जगातलं माझं आवडतं प्रकरण अमेरिकेतलं, १९९८ सालचं. पीपीजी कंपनीकडे मोटारीच्या हिरवट, अतिनील किरण अडवणाऱ्या काचेचं पेटंट होतं. दाव्यात घटकांची यादी होती आणि शब्दरचना अशी की काच ‘मूलतः’ एवढ्याच घटकांची. काच ज्या मूळ गुणांनी ओळखली जाते त्यांत खरा फरक न पाडणारं बारीकसारीक आणखी काही असलं तर चालेल. गार्डियन कंपनीच्या काचेत आयर्न सल्फाइड निघालं. अगदी थोडं, पण रंगावर परिणाम करणारं. आता हा फरक ‘खरा’ की किरकोळ? न्यायालय म्हणालं, किती फरक पडला म्हणजे मूळ गुण बदलला हे पीपीजीला आपल्या कागदात लिहून ठेवता आलं असतं. लिहिलं नाही, म्हणून ते ज्यूरीने ठरवलं. ज्यूरीने गार्डियनच्या बाजूने कौल दिला आणि अपिलातही तो टिकला. एवढी मोठी कंपनी, हाताशी वकिलांचा ताफा, आणि हार झाली ती चिमटीभर पदार्थाने काय होतं हे न लिहिल्यामुळे.

हे वाचताना मला दर वेळी बिदरच्या किल्ल्यातली माती आठवते.

बिदरीतही ऐवज सगळा जस्ताचा, त्यात थोडं तांबं. साच्यात ओतून भांडं काढतात, कानशीने साफ करतात, मोरचूद लावून ते तात्पुरतं काळवंडवतात म्हणजे कोरलेली रेघ उठून दिसते. मग छिन्नीने नक्षी, खाचेत चांदीची तार किंवा पत्रा, घासून गुळगुळीत. तोपर्यंत भांडं करडं आणि चांदीही त्या करड्यात हरवलेली. शेवटी किल्ल्याच्या जुन्या भिंतींआडची, पावसाने न धुतलेली माती आणि नवसागर पाण्यात कालवून गरम भांड्यावर चोळतात. जस्त-तांबं काळंभोर होतं, चांदी पांढरीच्या पांढरी. शेवटी तेलाचा हात फिरवला की काम झालं. कोणती माती घ्यायची हे कारागीर कसं ठरवतो? चिमूटभर जिभेवर ठेवून. चव जमली तर माती चांगली.

आणि इथे माझी चिडचिड सुरू होते. कर्नाटकातले पेटंटचे अर्ज चेन्नईला जातात आणि देशभरातले जीआयचेही तिथेच, गिंडीला. एका दप्तरात काचेला दशांश विचारले जातात. शेजारच्या दप्तरात बिदरीसारख्या वस्तूला नकाशा, इतिहास, प्रदेशाची हद्द विचारली जाते. कृतीचा रकाना तिथेही आहे, पण माती कमी पडली तर काय होतं, दुसरीकडची वापरली तर काळा येतो की करडा, असला नापास नमुना कुणी मागत नाही. मागायचं कारणही नाही, कारण तिथे प्रश्नच वेगळा आहे: ही वस्तू इथलीच का? कारागिराच्या जिभेला दोन्ही दप्तरांत रकाना नाही.

मग बिदरीची खरी तपासणी झाली कुठे? लंडनला. व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाच्या सुझन स्ट्राँग यांचं बिदरीवरचं पुस्तक १९८५ चं. १९८७ साली सुझन ला नीस आणि ग्रॅहम मार्टिन यांनी बिदरी भांड्यांच्या धातूची तांत्रिक तपासणी छापली. जस्त किती, तांबं किती, आणि त्या थोड्या तांब्यावाचून भांडं काळा रंग धरत नाही, वगैरे. आम्ही इकडे टाळ्या वाजवत होतो. २०२३ साली बिदरी कारागीर शाह रशीद अहमद कादरींना पद्मश्री मिळाली तेव्हाही वाजवल्या, आणि त्या योग्यच होत्या. पण मातीच्या पृथक्करणाचा तक्ता भिंतीवर लावलेला एकही बिदरी कारखाना मी अजून पाहिलेला नाही.

यावर माझं एक जुनं मत आहे, वाचकांना ते ठाऊक आहे आणि पुरावा माझ्याकडे आजही नाही. बहमनी वजीर महमूद गावानने १४७२ साली बिदरला मदरसा बांधला, हजारो ग्रंथ जमवले, भिंतींना झिलईच्या निळ्या-हिरव्या फरशा लावल्या. झिलई म्हणजेही रंगीत काचच की. १४८१ साली सुलतानाने एका बनावट पत्रावरून त्याची मान उडवली. तेव्हापासून या गावाने कागदावर काही उतरवायची धास्तीच घेतली असावी. हसा खुशाल. पण गावानच्या फरशांची कृती कुणाकडे आहे का, विचारून बघा.

हळदीचं उदाहरण देऊन मला लोक गप्प करतात. १९९५ साली अमेरिकेने जखमेवर हळद लावण्याचं पेटंट दिलं आणि डॉ. माशेलकरांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरने १९९७ साली ते रद्द करवलं. आपल्या आजीचं ज्ञान जिंकलं, असं सांगतात. आजीचं ज्ञान आजीच्या तोंडी नव्हे, छापील पुराव्यावर जिंकलं. त्यात १९५३ सालचा भारतीय वैद्यकीय नियतकालिकातला लेखही होता. पुढे २००१ पासून पारंपरिक ज्ञानाचं मोठं डिजिटल भांडार उभं राहिलं, त्यात आयुर्वेद, युनानी, सिद्ध, योग आले. औषधांची कृती तपासनीसाला तिथे सापडते. किल्ल्यातल्या मातीची चव तिथे मिळायची नाही.

कुणी म्हणेल, बिदरीची जुनी कृती तर आता कुणालाच पेटंट करता येणार नाही. ती जगजाहीर आहे, शिवाय कलम ३(पी) परंपरागत ज्ञानाला पेटंट नाकारतं. खरं आहे. मला काळजी जुन्या कृतीची नाही. किल्ल्यातली ती माती काही उसासारखी दर वर्षी उगवत नाही. ती दुर्मिळ होईल तेव्हा कुणीतरी चार क्षार मोजूनमापून एकत्र करील, किल्ल्याच्या मातीइतकाच काळा, किंवा जास्त टिकाऊ काळा देणारी भुकटी बनवील. त्याच्याकडे नमुना पहिला, दुसरा, तिसरा असेल. कुंपणाबाहेरचा नापास नमुना असेल. ३(ई) चा आक्षेप आला की तो तक्ता पुढे करील, आणि तपासनीसाला, तो प्रामाणिक असेल तर, मान डोलवावी लागेल. मग २० वर्षं बिदरचे कारागीर बिदरीचा काळा पुडीतून विकत घेतील. भांड्यावर जीआयचा शिक्का असेलच, त्याला कोण नाही म्हणतो?

ती भुकटी इथेच का होऊ नये? कलबुर्गीत पीडीए अभियांत्रिकी महाविद्यालय १९५८ पासून आहे. आळंद रस्त्यावर कडगंचीला केंद्रीय विद्यापीठ २००९ पासून आहे. बिदर आणि भालकीला अभियांत्रिकी महाविद्यालयं आहेत. प्रयोगशाळा आहेत, दर वर्षी प्रकल्पासाठी विषय शोधत फिरणारी पोरं आहेत, आणि ज्यांच्या जिभेवर निकाल ताडून पाहता येईल असे कारागीर गावातच बसलेले आहेत. जीभ ज्या मातीला पास म्हणते आणि जिला नापास, त्या दोन्हींचे नमुने शेजारीशेजारी ठेवून मोजायला सुरुवात करा. तक्ता तिथून सुरू होतो.

पैशाची सबब सांगू नका. शैक्षणिक संस्थांना २०२१ पासून पेटंट शुल्कात ८० टक्के सूट आहे. ऑनलाइन अर्जाचे १,६०० रुपये आणि तपासणीच्या विनंतीचे ४,०००. वकिलाची फी वेगळी, पण माइकवरच्या त्या वाक्याला टाळ्या वाजवणारे वकीलसाहेब एवढं काम बिनपैशाने करतील अशी आशा आहे. फक्त एक करा. किल्ला पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहे, तेव्हा नमुन्याची माती काढायच्या आधी त्यांची लेखी परवानगी घ्या, आणि अर्जात कारागिराचं नाव संशोधक म्हणून लिहा. ‘सहकार्याबद्दल आभार’मध्ये नको.