गुणफलक बदलला, घड्याळ तेच

खो-खोचा जुना संघ भारी की नवा, या वादाला धाराशिव जिल्ह्यात इतर कुठल्याही ठिकाणापेक्षा जास्त धार असते. त्याला कारणही आहे. दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धेत खो-खोचा पहिल्यांदा समावेश झाला तो २०१६ मध्ये. त्या वेळी सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय महिला संघाची कर्णधार होती याच जिल्ह्याची सारिका काळे. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला विश्वचषक झाला. तो जिंकणाऱ्या प्रियांका इंगळेच्या संघात अश्विनी शिंदे होती, तीही धाराशिवचीच. मग तुलना होणारच. ती कोणत्या मापाने करायची, हा खरा प्रश्न आहे.

सर्वांत सोपे माप गुणांचे, आणि तेच सर्वांत फसवे. २०१९ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत काठमांडूत नसरीन शेखच्या नेतृत्वाखाली भारतीय महिलांनी नेपाळला १७-५ असे, म्हणजे एक डाव आणि १२ गुणांनी हरवले. २०२५ च्या अंतिम सामन्यात त्याच नेपाळविरुद्ध निकाल लागला ७८-४०. फरक १२ वरून ३८ वर गेला, म्हणून नवा संघ तिप्पट वरचढ ठरत नाही. पहिल्या सामन्यात प्रतिस्पर्ध्याच्या तिपटीहून अधिक गुण मिळाले होते, दुसऱ्यात दुपटीलाही थोडे कमी पडले. तेवढ्यावरून जुना संघ सरस ठरवणेही तितकेच घाईचे होईल.

कारण दोन्ही वेळी गुण मोजण्याची रीतच वेगळी होती. पारंपरिक खेळात गडी बाद झाला की एक गुण मिळतो. पळती कितीही लांबली तरी संरक्षण करणाऱ्या संघाच्या खात्यात थेट काही जमा होत नाही. विश्वचषकात सात-सात मिनिटांच्या चार पाळ्या होत्या आणि प्रत्येक गड्यामागे दोन गुण होते. संरक्षकांची तुकडी ठरावीक वेळेपेक्षा जास्त टिकली, तर ‘ड्रीम रन’चे गुण संरक्षण करणाऱ्यांना मिळत. शिवाय ‘वजीर’ आला. एरवी आक्रमक एकदा दिशा धरून धावला की त्याला माघारी वळता येत नाही, मधली रेषा ओलांडता येत नाही. वजिराला ही बंधने नाहीत. साहजिकच, पाटीवर बसलेल्यांमधून साखळी करत वेळ काढण्याचे जुने कसब पहिल्याइतके सुरक्षित राहिले नाही.

नियमांचा हा थर बाजूला सारायचा तर गुणांचे रूपांतर गड्यांत आणि वेळेत करावे लागते. ७८ पैकी ६ गुण ड्रीम रनचे होते. उरलेले ७२ म्हणजे ३६ गडी. भारताच्या आक्रमणाला एकूण १४ मिनिटे मिळाली, म्हणजे सरासरी २३-२४ सेकंदांना एक गडी टिपला गेला. नेपाळने तेवढ्याच वेळात २० गडी बाद केले, दर ४२ सेकंदांना एक. या आकड्यांत आक्रमणाचा वेग दिसतो, संरक्षणाचा दम दिसतो. गुणफलकात हे दोन्ही एकत्र मिसळून जातात.

अर्थात घड्याळही सगळे सांगत नाही. वजीर मागे असताना काढलेली दोन मिनिटे आणि त्याच्याविना काढलेली दोन मिनिटे सारखी नव्हेत. २०२५ मध्ये समोरचा नेपाळचा संघही २०१९ चा राहिलेला नव्हता. पण खेळाडू हा एक दुवा उरतो. २०१९ ची कर्णधार नसरीन २०२५ च्या संघातही होती. अशा खेळाडूंची दोन्ही काळांतली पळती आणि टिपलेले गडी शेजारी शेजारी मांडले, तर नियमांनी नेमके काय बदलले ते ताडता येईल. दोन पिढ्यांची तुलना त्यानंतर सुरू व्हावी.

त्यासाठी लागणारी सामग्री आपल्याकडे तयार होत असते. खो-खोच्या गुणपत्रकात प्रत्येक खेळाडू किती मिनिटे-सेकंद पळाला आणि कुणाला कुणी बाद केले, याची नोंद असते. जिल्ह्याच्या आणि राज्याच्या संघटनांनी ही जुनी पत्रके गोळा करून सर्वांना पाहता येतील अशी ठेवावीत. डॉ. चंद्रजित जाधव यांच्यासारख्या प्रशिक्षकांनी या जिल्ह्यात घडवलेल्या खेळाडूंचा इतिहास आज बराचसा आठवणींच्या भरवशावर आहे. सारिकाला २०२० मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला. खो-खोच्या वाट्याला हा मान तब्बल २२ वर्षांनी आला होता. पुरस्काराची तारीख कागदावर राहते. तो ज्या खेळासाठी मिळाला, त्या पळतीचे सेकंदही राहायला हवेत.

‘आमच्या वेळचा खेळ’ म्हणणाऱ्यांचा अभिमान खोटा नाही आणि विश्वचषक जिंकणाऱ्यांचे यशही सोपे नाही. एका संघाने जुन्या नियमांत आपली सत्ता सिद्ध केली, दुसऱ्याने नवे नियम पचवून. दोघांपैकी श्रेष्ठ कोण, याचा निवाडा करण्याची घाई कुणाला असेल, तर त्याने आधी दोन्हीकडची गुणपत्रके समोर ठेवावीत.