अंगाचा रंग कोणाच्या अंगाचा?



बॅले हा युरोपातला अभिजात नृत्यप्रकार. नर्तकी पायाच्या बोटांच्या टोकांवर उभी राहून नाचते. तिचे मोजे आणि बूट फिकट गुलाबी असतात. कारण काय, तर पाय कमरेपासून बोटांपर्यंत एकसलग दिसावा. म्हणजे गुलाबी हा ‘अंगाचा रंग’! पण कोणाच्या अंगाचा? गोऱ्यांच्या.

काळ्या मुलींनी काय करायचे? १९३२ साली अमेरिकेत जॅनेट कॉलिन्स ही काळी मुलगी एका नामवंत बॅले कंपनीत निवडीसाठी गेली. नृत्य पसंत पडले. पण रंगमंचावर तोंडाला पांढरा रंग फासावा लागेल, असे तिला सांगण्यात आले. तिने साफ नकार दिला. हीच जॅनेट १९५१ साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात प्रमुख नर्तकी झाली, आपल्याच रंगाने.

पुढे आर्थर मिचेल आला. न्यूयॉर्क सिटी बॅलेचा हा काळा नर्तक १९५७ साली ‘अगॉन’मध्ये गोऱ्या डायना अ‍ॅडम्सचा जोडीदार म्हणून नाचला. १९६८ साली मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली. मिचेल दुःख करीत बसला नाही. १९६९ साली त्याने कॅरेल शूक या गोऱ्या शिक्षकासह ‘डान्स थिएटर ऑफ हार्लेम’ उभे केले. तिथे सत्तरच्या दशकात प्रत्येक नर्तकीचे मोजे व बूट तिच्या कातडीच्या रंगाचे झाले.

बाजार मात्र सावकाश जागा झाला. अनेक नर्तकी गुलाबी बुटांना तपकिरी मेकअप चोळत राहिल्या. वेळ त्यांचा, पैसाही त्यांचाच. मी कारकून, हिशेब केल्याशिवाय राहवत नाही. लंडनची ‘फ्रीड’ ही बूट कंपनी १९२९ सालची. ‘बॅले ब्लॅक’ या नृत्यसंस्थेच्या सहकार्याने तिने तपकिरी छटांचे बूट काढले ते २०१८ साली. म्हणजे ८९ वर्षांनी! अमेरिकन बॅले थिएटरलाही पहिली काळी प्रमुख नर्तकी, मिस्टी कोपलँड, २०१५ साली, स्थापनेनंतर ७५ वर्षांनी मिळाली.

दार उघडले, पण आतल्या वस्तू जुन्याच मापाच्या राहिल्या, तर ती समता अर्धीच म्हणायची.

माता-भगिनींनो, शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी सावळ्या लेकीच्या तोंडावर पावडरचा थर चढवताना क्षणभर थांबा. जॅनेटने नाकारलेला तो पांढरा रंग आपणच आपल्या हाताने तिला लावत नाही ना?