प्रवासाचा खर्च कोणी सोसावयाचा?

अमेरिकेतील सीबीएस या दूरचित्रवाणी वाहिनीवर ५ सप्टेंबर २००१ रोजी ‘द अमेझिंग रेस’ नावाची एक स्पर्धा दाखविण्यास आरंभ झाला. दोघादोघांच्या जोड्यांनी पृथ्वीप्रदक्षिणेस निघावयाचे, ठिकठिकाणी नेमून दिलेली कामे उरकावयाची, मागे पडणाऱ्या जोड्यांनी टप्प्याटप्प्याने बाद होत जावयाचे आणि अखेरच्या मुक्कामी प्रथम पोचणाऱ्या जोडीने दहा लक्ष डॉलर जिंकावयाचे, असे या स्पर्धेचे स्वरूप. पहिल्याच पर्वात स्पर्धक दिल्ली-आग्र्यापर्यंत आले होते, तर २००३ साली दाखविल्या गेलेल्या चौथ्या पर्वात मुंबई आणि केरळही त्यांच्या वाटेवर होते. प्रेक्षकांना दिसते ती विमानतळावरची धावपळ, टॅक्सीवाल्याशी घातलेली हुज्जत आणि चुकलेल्या गाडीची हळहळ. या धावपळीमागे जी चोख व्यवस्था उभी असते, ती मात्र सहसा कोणाच्या नजरेत भरत नाही.

ती व्यवस्था समजून घेण्यासारखी आहे. विमानाचे तिकीट स्पर्धकांनी साध्या वर्गाचेच काढावयाचे. परंतु त्याचे पैसे आयोजक भरतात. टप्प्याच्या आरंभी वाटखर्चासाठी ठराविक रोकड हाती दिली जाते. प्रत्येक जोडीबरोबर चित्रीकरण करणारा एक आणि ध्वनिमुद्रण करणारा एक असे दोघे असतात. म्हणून ज्या विमानात चार जागा मिळतील त्याच विमानाने जाता येते. टप्पा संपला की सक्तीची विश्रांती असते. आरंभीच्या पर्वांत ती साधारणतः बारा तासांची असे. म्हणजे शर्यत कितीही अटीतटीची असली तरी तीन प्रश्न ती सुरू होण्यापूर्वीच सुटलेले असतात. एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाण्याचा खर्च कोणाचा, वाटेतील जोखीम कोणाची आणि विसाव्याच्या तासांची किंमत कोणाची? या तिन्ही प्रश्नांचे उत्तर ‘आयोजकाची’ असे आहे. स्पर्धकाच्या वाट्याला उरते ते केवळ कौशल्य आणि नशीब.

अर्थशास्त्राचा एक साधा सिद्धान्त असा की, वाहतुकीचा खर्च कधीही नाहीसा होत नाही. तो फक्त एकाच्या खांद्यावरून दुसऱ्याच्या खांद्यावर जातो. ज्याच्या हाती पैसा व अधिकार असतो तो हा भार दुसऱ्यावर ढकलू शकतो. ज्याच्या हाती यांपैकी काहीच नसते त्याच्यावर तो आपोआप येऊन पडतो. बीड जिल्ह्याच्या गेल्या काही दशकांच्या इतिहासाकडे या दृष्टीने पाहिल्यास बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो.

तुटलेला लोहमार्ग

पृथ्वीप्रदक्षिणेच्या शर्यतीची कल्पना दूरचित्रवाणीहून फार जुनी आहे. फ्रेंच कादंबरीकार ज्यूल व्हर्न यांची ऐंशी दिवसांच्या पृथ्वीप्रदक्षिणेवरील कादंबरी १८७३ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. तिचा नायक फिलिअस फॉग मुंबईहून कलकत्त्यास निघतो. लोहमार्ग पूर्ण झाल्याची वार्ता वृत्तपत्रांनी दिलेली असते, तिकिटेही कलकत्त्यापर्यंतची विकलेली असतात. परंतु अलाहाबादच्या अलीकडे गाडी थांबते आणि पुढे रूळच नाहीत असे उतारूंना सांगण्यात येते. पुढची सोय ज्याची त्याने पाहावयाची! फॉग दोन हजार पौंड मोजून हत्ती विकत घेतो आणि वेळेवर पोचतो. वास्तविक मुंबई-कलकत्ता हा मार्ग १८७० सालीच जोडला गेला होता. पण कादंबरीकाराने दाखविलेली ही खिंड अर्थपूर्ण आहे. सार्वजनिक व्यवस्था जेथे तुटते तेथे श्रीमंताला हत्ती मिळतो. इतर उतारूंचे काय होते, याची चौकशी कथा करीत नाही.

बीड शहराच्या वाट्याला अशी खिंड तीस वर्षे होती. परळी वैजनाथ हे जंक्शन याच जिल्ह्यात असले तरी ते पूर्वेच्या टोकाला आहे. जिल्ह्याचे मुख्य ठिकाण मात्र रुळांवाचून राहिले. अहमदनगर (आताचे अहिल्यानगर)-बीड-परळी हा सुमारे २६१ किलोमीटरचा मार्ग १९९५-९६ साली मंजूर झाला. निम्मा खर्च रेल्वेने आणि निम्मा राज्य शासनाने उचलावा असे पुढे ठरले. मूळ अंदाज सुमारे साडेतीनशे कोटी रुपयांचा होता. तो वाढत वाढत चार हजार आठशे कोटींवर गेला. रुपयाच्या घसरलेल्या मोलाचा वाटा वजा केला तरी उरणारी वाढ लहान नाही. तीत भूसंपादनाचा वाढलेला खर्च आणि विलंबाची किंमत हीच प्रामुख्याने आहे. २३ सप्टेंबर २०२२ रोजी गाडी नवीन आष्टीपर्यंत आली. १७ सप्टेंबर २०२५ रोजी, म्हणजे मराठवाडा मुक्तिदिनी, ती बीडला पोचली. ज्या वर्षी मार्ग मंजूर झाला त्या वर्षी जन्मलेले मूल तोवर तीस वर्षांचे झाले होते.

बीडकरांना झालेला आनंद स्वाभाविक होता. तथापि आरंभीच्या वेळापत्रकानुसार ही गाडी अहिल्यानगर ते बीड हे सुमारे १६८ किलोमीटरचे अंतर साडेपाच तासांत कापीत होती, म्हणजे वेग ताशी सरासरी तीस किलोमीटर. रस्त्याने हा प्रवास याहून कमी वेळात होतो. रूळ आले, रुळांचा लाभ अजून पुरता यावयाचा आहे. या तीस वर्षांत बीडच्या विद्यार्थ्याने, रुग्णाने, व्यापाऱ्याने बस-मोटारींसाठी जो जादा पैसा व वेळ खर्चिला, तो प्रकल्पाच्या कोणत्याही हिशेबात धरलेला नाही. तो हिशेब घराघरांतून चुकता झाला.

दोघांचा संघ

परंतु बीड जिल्ह्यातील सर्वांत मोठा प्रवास हा रेल्वेच्या उतारूंचा नाही. तो ऊसतोड कामगारांचा आहे. पाटोदा, आष्टी, शिरूर कासार, वडवणी, धारूर, केज या तालुक्यांतील डोंगरपट्ट्यातून दसरा-दिवाळीच्या सुमारास लक्षावधी माणसे घरे बंद करून निघतात. कोल्हापूर, सांगली, सोलापूर, पुणे या जिल्ह्यांकडे काही जातात, काही कर्नाटकातील बेळगाव-बागलकोटकडे. येथेही संघ दोघांचाच असतो. नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ मानला जातो. येथेही निघण्यापूर्वी रोकड हाती पडते. तिला ‘उचल’ म्हणतात. मात्र दूरचित्रवाणीवरील जोडीला मिळणारी रोकड ही वाटखर्च असते आणि ती परत करावयाची नसते. कोयत्याला मिळणारी उचल हे कर्ज असते व ते ऊस तोडून टनाटनाने फेडावयाचे असते. हंगामाअखेर फिटले नाही तर उरलेली बाकी पुढील हंगामाच्या बोकांडी बसते.

विश्रांतीची तऱ्हाही अशीच उलटी. तेथे विसावा सक्तीचा. येथे आजारपणामुळे दिवस बुडाला तर तो ‘खाडा’, आणि खाड्याबद्दल दंड कापून घेण्याची चाल अनेक टोळ्यांत आहे. मालमोटारीत किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडीकुंडी, धान्य, सरपण, म्हातारी माणसे व लहान मुले एकत्र बसून रात्रभराचा प्रवास होतो. वाहनाचे भाडे कोण देतो हे टोळीगणिक बदलते. कोठे कारखान्याचा वाहतूक ठेकेदार देतो, कोठे मुकादम देतो व पुढे हिशेबात धरतो. पण भाडे म्हणजे संपूर्ण खर्च नव्हे. मजुरी टनावर असल्यामुळे प्रवासाचे दिवस बिनमजुरीचे जातात. मुलांची शाळा बुडते. मालवाहू गाडीत माणसे भरल्याने जो अपघाताचा धोका संभवतो, तो कोणाच्याही वहीत नोंदलेला नसतो. हे सर्व कोयत्याच्या अंगावर पडते.

या दोन प्रवासांतील अंतर २०२० साली फार ठळकपणे दिसले. करोनाची साथ पसरू लागताच, फेब्रुवारीच्या अखेरीस, ‘द अमेझिंग रेस’च्या तेहेतिसाव्या पर्वाचे चित्रीकरण आयोजकांनी थांबविले आणि स्पर्धकांना घरी पाठविले. सप्टेंबर २०२१ मध्ये काम पुन्हा सुरू झाले तेव्हा सर्वांसाठी एक स्वतंत्र विमान भाड्याने घेण्यात आले. इकडे मार्चच्या अखेरीस देशभर टाळेबंदी झाली तेव्हा ऊसतोड कामगार कारखान्यांच्या परिसरात व फडांवरील खोप्यांत होते. आरोग्यतपासणी करून त्यांना गावी परतू देण्याचा राज्य शासनाचा आदेश निघाला तो एप्रिलच्या मध्यानंतर. एक लाखाहून अधिक कामगारांचा प्रश्न तेव्हा अडलेला होता. एके ठिकाणी परतीची जबाबदारी कोणाची हे आधीच ठरलेले होते. दुसऱ्या ठिकाणी ते संकट आल्यावर ठरवावे लागले. फरक होता तो एवढाच. परंतु या एवढ्याशा फरकापायी माणसांना आठवडेच्या आठवडे उघड्यावर काढावे लागले.

उसाचा हिशेब आणि माणसाचा

साखर कारखान्यांना वाहतुकीचा हिशेब ठेवता येत नाही असे नाही. फडातून गव्हाणीपर्यंत ऊस नेण्याचा खर्च किती, अंतर किती, याचा रुपया-पैशापर्यंत हिशेब राहतो. तोडणी व वाहतुकीचा हा खर्च शेतकऱ्याच्या ऊसदरातून वजाही होतो. उसाच्या पंचवीस-तीस किलोमीटरच्या प्रवासाची अशी काटेकोर दखल घेतली जाते. ऊस तोडणारा तीन-चारशे किलोमीटरवरून येतो, त्या प्रवासाचा तितकाच स्पष्ट हिशेब त्याच्यापुढे ठेवला जात नाही.

कायद्याने हा विचार केला नव्हता असेही नाही. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांसाठी संसदेने १९७९ साली केलेल्या कायद्यात प्रवासभत्त्याचे कलम होते. घरापासून कामापर्यंत जाण्याचे व परतीचे भाडे कामगाराला मिळावे, इतकेच नव्हे तर प्रवासाचे दिवस कामाचे मानून त्यांची मजुरीही मिळावी, असे ते सांगत होते. पुढे हा कायदा व्यावसायिक सुरक्षा व कार्यस्थितीविषयक २०२० च्या संहितेत विलीन करण्यात आला आणि प्रवासभत्त्याचे तत्त्व तेथेही राहिले. परंतु ही सर्व रचना राज्याची सीमा ओलांडणाऱ्यासाठी आहे. आष्टी तालुक्यातील एक कोयता चिकोडी तालुक्यातील फडावर गेला तर तो या तत्त्वाच्या कक्षेत येतो. दुसरा कोयता काही कोसांवरच्या शिरोळ तालुक्यातील फडावर गेला तर येत नाही. ऊस तोच, कोयता तोच, अंतरही जवळपास तेच. मध्ये राज्याची हद्द तेवढी आडवी आली. आणि जो कक्षेत येतो त्यालाही मुकादम, ठेकेदार व कारखाना या साखळीत ‘मालक’ नेमका कोण, हे सिद्ध करताना नाकी नऊ येतात.

कष्टांचे गोडवे

यावर एक युक्तिवाद हटकून केला जातो. बीडची माणसे काटक आहेत, कष्टांतूनच ती घडतात, असे सांगून अविनाश साबळे यांचे उदाहरण दिले जाते. आष्टी तालुक्यातील मांडवा गावच्या शेतकरी कुटुंबातील हा मुलगा वाहनाअभावी रोज सुमारे सहा किलोमीटर चालत-धावत शाळा गाठीत असे. त्याने २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तीन हजार मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत रौप्यपदक मिळविले, २०२३ साली हांगचौच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकले आणि २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये या शर्यतीची अंतिम फेरी गाठणारा तो पहिला भारतीय पुरुष ठरला. अठ्ठावीस अडथळे आणि सात पाण्यावरच्या उड्या असलेली ही शर्यत जगाने दूरचित्रवाणीवर पाहिली.

हा पराक्रम अभिमानास्पदच आहे. पण त्यातून काढला जाणारा निष्कर्ष चुकीचा आहे. मांडव्याहून शाळेपर्यंतचे अंतर या मुलाने स्वतःच्या पायांनी कापले हे खरे. परंतु तो पुढे भारतीय सैन्यात गेला आणि राष्ट्रीय संघात आला, तेव्हा त्याचे प्रशिक्षण, आहार आणि परदेशप्रवास यांचा भार उचलणाऱ्या संस्था त्याच्यामागे उभ्या राहिल्या. तशा त्या राहिल्या नसत्या तर आष्टी ते बर्मिंगहॅम हे अंतर कोणाच्याही पायांना झेपणारे नव्हते. शाळेचे अंतर न झेपल्याने जी मुले मागे राहिली त्यांची नावे कोणत्याही निकालपत्रात येत नाहीत. एक जिंकला म्हणून अंतर योग्य होते असे म्हणणे, हे फॉग पोचला म्हणून रूळ नकोत असे म्हणण्यासारखे आहे.

काय करता येईल?

उपाय अशक्य कोटीतले नाहीत. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांनी गाळलेल्या उसावर टनामागे दहा रुपये द्यावेत व शासनाने तितकीच भर घालावी, असे धोरण ठरलेले आहे. म्हणजे निधीचे तत्त्व मान्य आहे. त्या निधीतून जाण्या-येण्याचा भत्ता थेट कामगाराच्या, आणि पती-पत्नी दोघांच्या स्वतंत्र नावे जमा करणे एवढेच बाकी आहे. राज्याची हद्द न पाहता जिल्ह्याबाहेर जाणाऱ्या प्रत्येक कामगाराला तो लागू करण्यास राज्य विधिमंडळाला कोणाची आडकाठी असण्याचे कारण नाही. मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृहांची योजना २०२१ साली मंजूर झाली आहे. प्रत्येक हंगामापूर्वी ती वसतिगृहे खरोखरी उघडी असली तर निदान मुलांचा प्रवास वाचेल.

आता बीडला रेल्वेही आहे. आषाढीच्या वारीसाठी रेल्वे दरवर्षी पंढरपूरकडे जादा गाड्या सोडते. हंगामाच्या आरंभी व अखेरीस दौंड, कुर्डुवाडी, मिरज या बाजूला सामानाच्या डब्यांसह काही गाड्या सोडणे तिला अवघड जाऊ नये. बैल व टायरगाड्या घेऊन जाणाऱ्यांना तिचा उपयोग होणार नाही, स्थानकापासून फडापर्यंत वाहनही लागेल, हे खरे. तरी केवळ कोयता व संसार घेऊन निघणाऱ्या टोळ्यांतील बायका-मुलांना ट्रॉलीतील रात्रीपेक्षा डब्यातली जागा निश्चितच सुरक्षित आहे.

करमणुकीच्या शर्यतीचे आयोजक धंदा करतात, धर्मादाय नव्हे. तरीही माणसे जगभर हिंडवावयाची तर त्यांच्या येण्याजाण्याचा, विसाव्याचा आणि सुखरूप परतीचा खर्च आपल्या हिशेबात धरावा लागतो हे त्यांना कळते. महाराष्ट्रातील साखरधंद्याला आणि तो धंदा चालविणाऱ्या शासनमान्य व्यवस्थेला तेवढेच कळावे, याहून अधिक काही बीडचा कोयता मागत नाही. पुढील गळीत हंगामाची उचल वाटली जाण्यापूर्वी या प्रश्नाचा निर्णय झाला पाहिजे.