बत्हातला डबा



एप्रिल २०२४ च्या अखेरीस रियाधमध्ये बॉट्युलिझमची साथ आली. एका बर्गर साखळीत खाल्लेले लोक आजारी पडले आणि मे महिन्यात 'बॉन तुम' नावाच्या मेयोनेजमध्ये क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम हा जीवाणू सापडला. ७५ रुग्ण, एक मृत्यू. रुग्णांपैकी ६९ सौदी नागरिक, परदेशी फक्त सहा. सरकारने माल परत मागवला, आकडे जाहीर केले. हे चांगलंच झालं.

पण २०२२ च्या जनगणनेनुसार ज्या देशात ४१.६ टक्के लोक परदेशी आहेत, तिथे सहाच का? बहुधा साधं कारण आहे: बत्हातल्या मजुराला बर्गर परवडत नाही. स्वस्त बाजार, केरळी हॉटेलं आणि शुक्रवारची तुफान गर्दी यांच्या मागच्या गल्ल्यांत, एकेका खोलीत अनेक जण राहतात. रात्री शिजवलेला भात दुसऱ्या दिवशी डब्यातून साइटवर जातो.

तिथला जीवाणू वेगळा. बॅसिलस सिरियसचे बीजाणू शिजवूनही टिकतात, कोमट भातात वाढतात आणि वांती घडवणारं विष तयार करतात. बॉट्युलिनमचं विष उकळल्यावर निकामी होतं, हे होत नाही. म्हणजे "परत गरम केलं की झालं" ही आपली घरगुती समजूत इथे निरुपयोगी. शिजलेलं अन्न दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नका, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पण फ्रिज नसलेल्याने काय करायचं?

हा आजार बहुतेकदा दिवसभरात थांबतो, हे खरं. पण ४५ अंशांच्या उन्हात वांत्या होत असताना काम करणाऱ्याचं शरीर किती झपाट्याने कोरडं पडतं, याचाही विचार करा. आमच्या पुस्तकांतल्या 'जोखमीच्या' यादीत गर्भवती, अर्भकं, वृद्ध आणि प्रतिकारशक्ती कमी झालेले रुग्ण असतात. तिशीतला धडधाकट गवंडी नसतो. माझ्या मते तो असायला हवा.

सौदी कामगार कायद्यात आजारपणाचे पहिले ३० दिवस भरपगारी आहेत. पण कागदावरचा मालक एक आणि काम दुसऱ्याकडे, असा माणूस ती रजा मागणार कोणाकडे? गंमत म्हणजे हाच माणूस हॉटेलात आचारी असेल, तर त्याला नगरपालिकेचं आरोग्य प्रमाणपत्र लागतं. त्याच्यापासून गिऱ्हाइकाला धोका नाही ना, हे तपासलं जातं. तो स्वतः काय खातो, हे कोण बघतं?

आपल्यातले बरेच जण आखातात प्रकल्पांवर अधिकारी आहेत. कंत्राटात मजुरांच्या डब्यांसाठी फ्रिज लिहून घेणं त्यांच्या हातात आहे. पुढच्या टेंडरला ती ओळ घालून बघा, आणि कंत्राटदार काय म्हणाला ते कळवा.