वाढीव वॉरंटीला सरसकट नकार अनाठायी



मोटारीची वाढीव वॉरंटी, म्हणजे उत्पादकाची मूळ हमी संपल्यानंतरच्या काळासाठी वेगळे पैसे भरून घेतलेली हमी, ही निव्वळ लूट असल्याचे गेल्या अंकातील पत्रात व्यक्त झालेले मत निम्मेच पटण्यासारखे आहे. क्लच प्लेट, ब्रेक पॅड, टायर यांसारखे वापराने झिजणारे भाग या हमीतून सहसा वगळलेले असतात आणि ग्राहकाचा बराचसा खर्च नेमका त्यांवरच होतो, हे निरीक्षण निर्विवाद आहे. तथापि साध्या मॅन्युअल गिअरच्या गाडीला आणि दुहेरी क्लचच्या स्वयंचलित गाडीला एकच न्याय लावता येत नाही, कारण दुसरीतील गिअर बदलणारी इलेक्ट्रॉनिक नियंत्रणयंत्रणा बिघडल्यास ती अनेकदा संपूर्णच बदलावी लागते आणि त्या एका बिलापुढे हमीची किंमत किरकोळ ठरू शकते.

पत्रात सुचवलेला विम्याचा पर्याय मात्र गैरसमजातून आलेला दिसतो. सर्वंकष मोटार विमा अपघात, चोरी, पूर यांची भरपाई देतो, आपोआप उद्भवलेल्या यांत्रिक बिघाडाची नव्हे. आणि मुंबईच्या तुंबलेल्या पाण्यातून गाडी नेल्याने इंजिनात पाणी शिरले, तर वॉरंटी हात वर करतेच, शिवाय साधा विमाही पुष्कळदा तेच करतो, कारण त्यासाठी इंजिन-संरक्षणाची वेगळी पुरवणी घ्यावी लागते. (विक्रेते हे सारे एका दमात विकतात, तेव्हा घोळ स्वाभाविकच.)

अधिकृत केंद्रात वेळेवर सर्व्हिसिंग न केल्यास दावा फेटाळला जाऊ शकतो, म्हणून बाहेरच्या गॅरेजवर भिस्त असणाऱ्यांनी ही वॉरंटी घेऊ नये. इतरांनी पैसे भरण्यापूर्वी वगळलेल्या भागांची यादी लेखी मागून घ्यावी.